एडना मिसच्या व्हरांड्यातली दोरी

एडना मिसच्या व्हरांड्यात सॅड आणि हॅपी या दोन शब्दांना बंदी होती. उशीर झालेला चालायचा, अभ्यास राहिलेला चालायचा, पण निबंधातला मुलगा बक्षीस मिळाल्यावर हॅपी झाला आणि आजी गेल्यावर सॅड झाला असं मी लिहिलं, की मिस चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. मग विचारायच्या, किती सॅड? कुठल्या प्रकारचा सॅड? सकाळी उठल्यावर होता की दिवे लागल्यावर आला? आणि वर म्हणायच्या, भाजीवाल्यासमोर उभी राहून तू नुसतं 'भाजी द्या' म्हणतेस का? मी दहावीला होते, मराठी शाळेतली. सॅड या शब्दाचं स्पेलिंग बिनचूक येतं याचाच मला कोण अभिमान होता, आणि या बाईंनी नेमका तोच शब्द जप्त केला होता.

आम्ही मुलुंडला टेकडीच्या बाजूला राहायचो. पुढे एक जुना बैठा बंगला, मागे फणसाचं झाड, आणि झाडापलीकडे बंगल्याच्या मालकाने भाड्यासाठी बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांची रांग. त्यातली कडेची आमची. बाबा आधी गिरणीत होते, नंतर भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले. त्या रांगेत कुणाचं काही लपून राहत नसे. सकाळी कारखान्याचा भोंगा, मग नळावरच्या कळशा, मग एकामागून एक पेटलेले स्टोव्ह. सगळ्यांचे रेडिओ एकाच स्टेशनवर लावलेले असायचे, त्यामुळे नळापासून संडासापर्यंत चालत गेलं तरी गाण्याचं एक अक्षर बुडत नसे. दहाच्या सुमाराला फोडण्यांचे आवाज सुरू व्हायचे, आणि कुणाकडे बांगडा आहे आणि कुणाकडे नुसती सुकट, हे वासावरून सगळ्यांना कळायचं. आई बाहेरच्या पडवीत पाट्यावर खोबरं वाटायची. तिचा वरवंटा एकदा चालू झाला की बाबा वर्तमानपत्र घेऊन आत जाऊन बसायचे.

बंगल्याच्या पुढच्या अर्ध्या भागात एडना मिस आणि त्यांची मोठी बहीण आयव्ही मिस भाड्याने राहत. त्या अँग्लो-इंडियन होत्या, वडील रेल्वेत, लहानपण कुठल्या कुठल्या रेल्वे कॉलन्यांमध्ये गेलेलं. एडना मिसनी पुढे मुंबईत एका इंग्रजी शाळेत शिकवलं आणि तिथल्याच क्वार्टर्समध्ये त्या राहिल्या. निवृत्त झाल्यावर मुलुंडला आल्या. इतकी वर्षं मुंबईत काढून त्यांना मराठीतले 'पाणी' आणि 'बस' एवढेच शब्द येत. आयव्ही मिस अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांचा पलंग मागच्या खिडकीशी होता, आणि त्या खिडकीतून आमची पडवी दिसायची. एकदा आई घावणे घालत होती, तर खिडकीतून एक पांढरा हात बाहेर आला आणि त्याने तव्याकडे बोट दाखवलं. आईने पोळ्यांच्या ताटलीत दोन गरम घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी एडना मिस ताटली परत द्यायला आल्या, तर तिच्यात केकचा तुकडा होता. रिकामं ताट परत करायचं नाही हा नियम आमच्याकडे होता आणि तो त्यांच्याकडेही निघाला. त्या ताटलीचं येणंजाणं मग कधी थांबलंच नाही. आई मालवणीत बोलायची, मिस मोडक्या हिंदीत, आणि दोघींना सगळं समजायचं. अशाच एका खेपेला आईने मला पुढे ढकललं आणि म्हणाली, "पोरीक इंग्लिश शिकवा." मिस माझ्या नखांकडे बघून म्हणाल्या, शनिवारी ये.

शनिवारी व्हरांड्यातल्या दोरीवरचे कपडे काढलेले असायचे आणि त्यांच्या जागी कपड्यांच्याच चिमट्यांनी कागदाच्या चिठ्ठ्या लावलेल्या असायच्या. एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द. डावीकडे सौम्य, उजवीकडे जाल तसा जहाल. अनॉइड, इरिटेटेड, अँग्री, फ्युरियस. मिस चिठ्ठ्यांची जागा मुद्दाम बदलून ठेवायच्या आणि मला त्या नीट लावायला सांगायच्या, आणि लावताना भांडायला सांगायच्या. हा इथेच का? त्याच्या अलीकडे का नाही? टेरर आणि ड्रेड यांच्यावर आमचं बराच वेळ चाललं होतं. मला दोन्हींचा अर्थ भीती एवढाच माहीत. मिस म्हणाल्या, साप समोर फणा काढून उभा आहे, तो टेरर. साप घरात शिरलाय हे माहीत आहे पण कुठल्या फळीखाली ते माहीत नाही, तो ड्रेड. टेकडीमुळे आमच्याकडे दर पावसाळ्यात साप निघायचे. त्यामुळे मला हे दोन्ही शब्द अंगावर काटा येऊन समजले, आणि पुढे कधी विसरले नाहीत.

ग्रीफला नेहमी कुणाचं तरी नाव असतं, असं मिस सांगत. सॉरो बिननावाचाही असू शकतो. मेलन्कलीला कारण लागत नाही आणि ती थोडी आवडतेही, रविवारच्या संध्याकाळी होतं तशी. मी ऐकत राहायचे. आपल्या आत इतके कप्पे आहेत, आणि कुणीतरी प्रत्येकावर नाव लिहून ठेवलंय, हे मला इतकं विलक्षण वाटायचं की घरी परत येताना फणसाखाली मी थोडा वेळ उभीच राहायचे. रांगेतली नेहमीची माणसं मला वेगळी दिसायला लागली होती. शेजारच्या काकू नळावर भांडायच्या तेव्हा त्या इरिटेटेडच्या पुढे कधी गेल्याच नाहीत हे माझ्या लक्षात आलं. बाबा रविवारी दुपारी छपराकडे बघत पडून राहायचे, त्याला आई आळस म्हणायची. मला आता वेगळाच संशय यायला लागला. आज माझी नात फोनवर सगळ्या भावना एका पिवळ्या गोल चेहऱ्यात पाठवते. मी तिला विचारते, किती हसतेयस, कुठल्या प्रकारचं? ती म्हणते, आजी, प्लीज.

मिसचा एक गृहपाठ मात्र फार अवघड होता. दर शनिवारी घरातली एक भावना घेऊन यायची, मग आपण तिचं इंग्रजी नाव शोधू. आमच्या घरात भावना बोलायची पद्धत नव्हती. आईला काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "काय्येक नाय." ताप असला तरी काय्येक नाय, रडून डोळे लाल झाले तरी काय्येक नाय. त्यामुळे मला तिच्याकडे बघत बसावं लागायचं. एकदा कुडाळहून मामा येणार होता. सकाळपासून आई पडवीत जात होती, परत येत होती, भाताला हात लावत होती, पुन्हा बाहेर. मी ते मिसना सांगितलं आणि म्हटलं, आम्ही याला हुरहूर म्हणतो. मिसनी अँग्झायटी लावून पाहिला. मी म्हटलं, नाही, काळजी नव्हती. लॉन्गिंग लावला. तो जवळ आला, पण त्यात ते भाताला हात लावणं नव्हतं. चहा गार झाला. शेवटी मिसनी एक कोरी चिठ्ठी घेतली आणि त्या दोघांच्या मधे चिमट्याने लावली. म्हणाल्या, इथे आमच्याकडे काही नाही, ही जागा तुझ्या आईची. इंग्रजीसारख्या भाषेत रिकामी जागा असते आणि ती माझ्या आईच्या नावावर होऊ शकते, याने मी इतकी भारावले की घरी येऊन आईला सांगायलाही मला सुचलं नाही.

त्याच दिवशी निघताना मी त्यांना टेबलावर राहिलेल्या एका चिठ्ठीबद्दल विचारलं. तिच्यावर लिहिलं होतं, ऑ, ए-डब्ल्यू-ई. तोंड उघडलं की झाला, एवढाच शब्द. मिसनी तो दोरीवर कुठेच लावला नव्हता. त्या म्हणाल्या की याला दोरीवर जागा नाही. यात भीती आहे, आनंद आहे, आणि आपण किती लहान आहोत ते कळल्याचं समाधानही आहे. ही तू ठेव, जागा सापडली की मला सांग. मी ती चिठ्ठी कंपासपेटीत ठेवली.

आयव्ही मिस एका दुपारी झोपेतच गेल्या. एडना मिस अनवाणी आमच्या मागच्या दाराशी आल्या आणि आईचा हात धरून तिला घेऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत त्यांची माणसं जमली, भायखळ्याकडून, कुर्ल्याकडून. हॅट घातलेल्या बायका, काळ्या टायवाले म्हातारे. ते मिसना मिठ्या मारत होते, गालाला गाल लावत होते, सॉरी, माय डिअर, सो सॉरी म्हणत होते. दफन करून सगळे परत आल्यावर आमच्या रांगेतल्या बायका गेल्या. पदर डोक्यावर घेऊन त्या व्हरांड्यात जमिनीवर बसल्या. कुणी बोललं नाही. बराच वेळ बसून एकेक उठली आणि मागे न बघता निघाली. आईने पिठलं-भात नेला होता, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. तिने तो टेबलावर झाकून ठेवला आणि तीही उठली. तेव्हा एडना मिस दारापर्यंत आल्या, हात जोडले, आणि जन्मभर पाहुण्यांना म्हणत आल्या तेच मोडक्या हिंदीत म्हणाल्या. थँक्यू, बहुत थँक्यू, फिर आना.

बायका जागच्या जागी थबकल्या. मग भराभर चालायला लागल्या. फणसापलीकडे आल्यावर शेजारच्या काकूंनी आईला धरलं. "मयताच्या घराकडसून 'परत येवा' म्हणता? ह्या काय बोलणा झाला?" आई म्हणाली, तेंका म्हायत नाय. पण तिचाही चेहरा उतरला होता. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या बायकांनी बंगल्याकडे जाणं सोडलं. आई तेवढी रोज दुपारी ताट घेऊन जायची, टेबलावर ठेवायची, थोडा वेळ बसायची आणि एक शब्द न बोलता उठून यायची.

मी आठवड्याने गेले. व्हरांड्यातली दोरी काढलेली होती. आत पलंगावर ट्रंक उघडी होती आणि मिस तिच्यात चादरी भरत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं की बंगलोरला नन्स चालवतात असा एक वृद्धाश्रम आहे, तिथे त्यांनी कळवलंय. मी विचारलं, कायमच्या? त्या म्हणाल्या, हो. मग पलंगाच्या कडेला बसल्या.

"माझी बहीण रोज त्या खिडकीतून तुझ्या आईला बघायची," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तिला तुझी आई फार आवडायची. आणि तुझी आई येते, ताट ठेवते, निघून जाते. एक शब्द नाही. पाववाल्याने पण सायकलवरून उतरून सॉरी म्हटलं. बाकीच्या तर पुन्हा आल्याच नाहीत. मला राग चालला असता, चाइल्ड. हा राग नाही. याला इन्डिफरन्स म्हणतात. याच्यासोबत मला राहता येणार नाही."

तो शब्द मला माहीत होता. दोरीच्या अगदी बाहेर, खिळ्यावर अडकवलेला असायचा, कारण मिसच्या मते ज्याला काहीच वाटत नाही त्याची जागा दोरीवर नाही. तिथे त्यांनी माझ्या आईला नेऊन ठेवलं होतं. मी आता नीट बोलले नाही तर या निघून जाणार, आणि माझी आई त्या खिळ्यावर कायमची लटकत राहणार, एवढं मला स्पष्ट कळलं. इतके दिवस मी जे काही शिकले होते ते सगळं मला त्या क्षणी हवं होतं, आणि नेमके सगळे शब्द पळून गेले होते.

मी जमेल तशी सुरुवात केली. आम्ही कुणाच्याही घरून निघताना जाते म्हणत नाही. येते म्हणतो. दूध आणायला निघालं तरी येते. फक्त मयताच्या घरून निघताना ते म्हणायचं नाही. तिथे येते म्हटलं, तर पुन्हा याच कारणाने यायचं आहे असा त्याचा अर्थ होतो. म्हणून तिथून गप्प उठायचं, मागे बघायचं नाही. आणि एरवी निघणाऱ्याला 'येवा', पुन्हा या, म्हणतात, ते त्या घरातल्या माणसाने म्हणायचं नाही. हे बोलताना माझी क्रियापदं कुठच्या कुठे गेली होती, पण मिसनी पहिल्यांदाच एकही चूक दुरुस्त केली नाही.

"मी म्हटलं," त्या सावकाश म्हणाल्या. "मी त्यांना पुन्हा या म्हटलं."

मी मान हलवली.

"मग त्या गप्प राहण्याला काय म्हणायचं? नाव सांग."

मी शोधायला लागले. सिम्पथी म्हटलं आणि तिथेच अडले, कारण सिम्पथी लांबून होते. पिटी तर नव्हतीच. कन्डोलन्स दुकानातल्या कार्डावर छापलेला असतो. मिसनी हात वर केला. "नाव राहू दे. घरी काय चाललंय ते सांग."

मग मी सांगितलं. त्या दिवसापासून आमच्याकडे मासे शिजले नव्हते. बाबांनी एकदा विचारलं तर आई म्हणाली, "बाजूक मयत जाला हा, माझ्या हातान मासो चिरवना नाय." नातं नाही, गोत नाही, सुतक नाही, आणि तरी ती भाजीलाही फोडणी घालत नव्हती, नुसती शिजवत होती. संध्याकाळी ती पडवीत बंद खिडकीकडे तोंड करून बसायची. आणि रेडिओ. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दुपारी शेजारच्या काकूंनी आपला बंद केला, तो थांबलेला ऐकून पलीकडच्यांनी, मग त्यांच्या पुढच्यांनी. मिस पुन्हा या म्हणाल्या म्हणून ज्या घाबरल्या, ज्या नंतर फिरकल्या नाहीत, त्यांनीसुद्धा तो पुन्हा लावला नव्हता. मी म्हटलं, मिस, तुम्हाला ऐकू येत नाहीये का?

मिसनी खिडकीकडे मान वळवली. आम्ही दोघी ऐकत बसलो. कळशीवर कळशी आपटल्याचा एक आवाज आला आणि कुणीतरी ती लगेच उचलली. फणसाची पानं हलत होती. त्यापलीकडे, भर सकाळी, पोराबाळांनी भरलेल्या त्या अख्ख्या रांगेतून काहीच ऐकू येत नव्हतं. मी त्याच शांततेतून रोज ये-जा करत होते, पण तिच्याकडे कान देऊन पहिल्यांदाच ऐकत होते. इतकी माणसं, एकमेकांशी न ठरवता, ज्या बाईचं नावही त्यांना धड उच्चारता येत नव्हतं तिच्यासाठी गप्प बसली होती. माझ्या अंगावर शहारे आले. थोडी भीतीही वाटली, आणि रडू येईल इतका आनंद झाला, आणि आपण फार लहान आहोत असं वाटलं. माझा हात कंपासपेटीकडे गेला. मी ती चिठ्ठी काढून मिसच्या पुढे धरली. मिसनी ती वाचली आणि नुसती मान हलवली. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

दुपारी आई नेहमीसारखी ताट घेऊन आली, ठेवलं, व्हरांड्यात जमिनीवर बसली. एडना मिस बाहेर आल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, जमिनीवर बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. भिंतीला धरून, फ्रॉक सावरत, मोठ्या कष्टाने त्या खाली आईशेजारी बसल्या. काही बोलल्या नाहीत. आईने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि थोडं सरकून घेतलं, म्हणजे त्यांना भिंतीला टेकता यावं. बऱ्याच वेळाने आई उठली आणि मागे न बघता निघून गेली. मिस तिच्या पाठीकडे बघत बसून राहिल्या. त्यांनी थँक्यू म्हटलं नाही.

पुढे मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. वर्गात दोरीही बांधली. तिच्यावर एक कोरी चिठ्ठी लावलेली असायची आणि मुलं विचारायची, बाई, ही कशाला? ते सांगायला माझा एक तास जायचा आणि पोर्शन मागे पडायचा.

आयव्ही मिसचा तेरावा आमच्या आईनेच आपल्या हिशोबाने धरला. त्यांच्यात तो नसतो हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "आमच्यात आसता." त्या दिवशी तिने पहाटे तांदूळ वाटले आणि घावणे घातले, रस केला, आणि ताट घेऊन बंगल्यात गेली. मीही मागोमाग गेले. ट्रंक पलंगाखाली सरकवलेली होती, तिच्यावर वर्तमानपत्रं रचलेली होती. मिसनी घावणे तिथेच आईसमोर बसून खाल्ले, बोटांनी, रस मनगटापर्यंत ओघळू देत. मग ताटली धुऊन तिच्यात चार बिस्किटं ठेवून आईच्या हातात दिली.

आई पायरी उतरली. फणसाकडे चालायला लागली, आणि थांबली, आणि मागे वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने मागे बघितलं होतं.

"येतंय हां, मिस," ती मोठ्याने म्हणाली.

मिस दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी होकाराची मान हलवली. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"येवा," मिस म्हणाल्या.

रांगेत कुणीतरी रेडिओ लावला.